औषधांच्या शंका : जागरणाची गोळी आणि दमा

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा, पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. रात्री वाचताना झोप येऊ नये म्हणून ऑनलाइन मागवलेली 200 मिलिग्रॅमची कॅफीनची गोळी घेतो. मला दमा आहे, गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली थिओफिलिनची गोळी चालू आहे. परवा पोट बिघडलं म्हणून मेसजवळच्या दवाखान्यात गेलो, तिथे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळालं. तेव्हापासून छातीत धडधडतं, हात थरथरतात, मळमळतं. परीक्षेचं टेन्शन असेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि लगेच तुला फोन केला, कारण हे अंकाची वाट बघण्यासारखं नव्हतं. इथे लिहितेय ते तुझ्यासारख्या इतर मुलांसाठी.

टेन्शनवर ढकलू नकोस. कॅफीन आणि थिओफिलिन ही रसायनं सख्खी भावंडं आहेत. दोन्ही हृदयाची गती वाढवतात, झोप उडवतात आणि दोन्हींचा निचरा यकृतातल्या एकाच एन्झाइमवर अवलंबून असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग रोजच्याच गोळ्या घेतल्या, तरी रक्तात दोन्ही साचत जातात. एरवी निम्मं कॅफीन साधारण पाच तासांत उतरतं, आता त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

मला खरी धास्ती थिओफिलिनची आहे. त्याची उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. ते वाढलं की उलट्या होतात, ठोके अनियमित पडतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून कॅफीनची गोळी आजच बंद. थिओफिलिनची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोल, मनाने मात्र तोडू नकोस, दमा उसळेल. ते रक्तातली पातळी तपासतील, अँटिबायोटिक बदलतील किंवा मात्रा कमी करतील. उलट्या थांबत नसतील, छातीत दुखलं, चक्कर आली, तर थेट इस्पितळ गाठ.

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. चालू औषधं विचारली की लोक ‘सप्लिमेंट’ सांगतच नाहीत. जिमची प्री-वर्कआउट पावडर, एनर्जी ड्रिंक, डोकेदुखीची गोळी, या सगळ्यांत कॅफीन असू शकतं. निरोगी माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण तो हिशेब चहा-कॉफी धरून, आणि सोबत अशी औषधं नसताना. गर्भवतींसाठी मर्यादा 200 आहे. नैराश्यावरचं फ्लुवोक्सामिन घेणाऱ्यांनाही हाच धोका, सिप्रोपेक्षाही जास्त. थायरॉइडच्या गोळीची तऱ्हा निराळी : तिच्यासोबत कॉफी घेतली की गोळीच नीट शोषली जात नाही, तासभर थांबायला हवं. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असलेल्यांनी कॉफी एकदम सोडूही नये, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं.

दवाखान्यात जाताना सगळ्या स्ट्रिप्स आणि त्या ऑनलाइन डबीचं लेबल सोबत ने. पोटाची औषधं संपल्यावरही थिओफिलिन चालू आहे तोवर ती डबी परत उघडू नकोस.