बीए एलएलबीतलं बीए नावापुरतंच आहे का?

या वेळच्या पत्रांत पाच वर्षांच्या लॉबद्दलची तीन निघाली, म्हणून एकत्रच घेते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी बार्शीची. मुलगी यंदा आर्ट्समधून बारावी झाली, मार्क चांगलेत. तिला डायरेक्ट पाच वर्षांचं बीए एलएलबी करायचंय. माझे दीर म्हणतात आधी साधं बीए करू दे, मग वाटलं तर तीन वर्षांचं लॉ, शेवटी वकील ती वकीलच. मिस्टरांना फीची काळजी. काय करावं?

उत्तर : ताई, दीर म्हणतात ते खोटं नाहीये. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोन्हीकडून मिळते आणि तीनवाली का पाचवाली हे कोर्टात कुणी विचारत बसत नाही. हिशोब एवढाच की बीएची तीन आणि लॉची तीन मिळून सहा वर्षं, एकत्र केलं की पाच, वर्ष वाचतं आणि मध्ये परत सीईटी द्यायची कटकट जाते. पण ॲडमिशनच्या गडबडीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. या कोर्समधून मध्येच बीए घेऊन बाहेर पडता येत नाही! तीन वर्षं झाली, कंटाळा आला, आता माझं बीएचं सर्टिफिकेट द्या मी निघते, असं नाही चालत, बार कौन्सिलच्या (वकिली आणि लॉच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) २००८ च्या नियमांत डिग्री अशी तोडून द्यायला मनाई आहे. आणि उलटंही नाही, म्हणजे बाहेरून बीए करून आलेल्याला थेट चौथ्या वर्षाला बसता येत नाही. चौथ्या वर्षी सोडलं तर हातात पदवी काहीच नाही, बारावीच.

त्यामुळे लॉच करायचं हे तिचं ठरलंय का, ते आधी बघा. एमपीएससी का बीएड का लॉ असं डोक्यात अजून चाललं असेल तर दिरांचा रस्ता बरा, वर्ष जास्त जाईल पण वाट बंद होणार नाही. ठरलंय का ते कसं कळायचं? कोर्ट बार्शीतच आहे की, दोन-चार दिवस तिला तिथं मागच्या बाकावर बसू द्या, कामकाज सगळ्यांना खुलं असतं, फक्त मोबाईल बंद. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख, वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख, असं दुपारपर्यंत बघून मग एखादा उलटतपास चांगला रंगतो. हे सगळं बघूनही पोरगी म्हणाली मला हेच करायचंय, तर मग बिनधास्त पाच वर्षांना घाला.

फीचं म्हणाल तर कॉलेजचं नाव जुनं आहे म्हणजे फी कमी असेल असं धरून चालू नका, एकाच कॉलेजात तीन वर्षांच्या लॉला अनुदान आणि पाच वर्षांच्याला नाही असं असू शकतं, प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारा. शासनाने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी माफ केलीय, पण ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशफेरीतून हवी, मॅनेजमेंट कोट्याची सीट घेतली की ते गेलं. कॉलेजच्या ऑफिसात यावर स्पष्ट उत्तर घ्या. बारावीला ओपनला ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. राज्याच्या सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतूनही असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट ही देशपातळीची प्रवेश परीक्षा, ती फक्त इंग्रजीत, दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट, आणि तिथला वर्षाचा खर्च लाखांत जातो.

प्रश्न : मी पुण्यात बीए एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खरं सांगू का, वैताग आलाय. वकील व्हायला आलो आणि करतोय काय तर पॉलिटिकल सायन्स, सोशिऑलॉजी, इको. सिनियर म्हणतात गाईड आण, आदल्या रात्री वाच, बीएचा भाग नावापुरताच असतो. खरंच असं आहे का?

उत्तर : सिनियर पास व्हायचा सल्ला देतायत आणि पास होशीलही. शिकवणारेही कधीकधी ते विषय उरकून टाकतात, सोशिऑलॉजीच्या तासाला कायद्याचं नाव नाही आणि कायद्याच्या तासाला समाजाचं नाव नाही, असल्या शिकवण्याला कंटाळलास तर त्यात तुझी चूक नाही. तरीपण विषय टाकू नकोस. का ते सांगते.

पुढे फॅमिली लॉमध्ये तुला हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम ९ येईल. नवरा किंवा बायको सबळ कारणाशिवाय वेगळं राहायला लागली तर दुसरा कोर्टात जाऊन नांदायला पाठवा म्हणून दावा लावू शकतो. गाईडमध्ये एवढंच असतं, अर्धं पान. आता हे कलम आलं कुठून ते बघ. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईवर असाच दावा लावला. लग्न झालं तेव्हा ती ११ वर्षांची, नंतर आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढली, शिकली, आणि मोठी झाल्यावर सरळ म्हणाली की मी जाणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की ही बाई नवऱ्याकडे कधी नांदायला गेलेलीच नाही तर परत कुठे पाठवायची, आणि असला दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडातून इकडे आलाय. बघ म्हणजे गंमत, आपल्याकडचे भलेभले धर्म बुडाला म्हणून ओरडत होते आणि एक इंग्रज जज सांगत होता की अहो हे तुमचं नाहीच, आमचं आहे. पुढे अपिलात तो निकाल फिरला, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, आणि रखमाबाई म्हणाली तुरुंग चालेल. टिळक ‘केसरी’तून तिच्याविरुद्ध लिहीत होते, आगरकर सुधारकांच्या बाजूला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणारा १८९१ चा संमतिवयाचा कायदा याच वादळात आला. आणि इंग्लंडने स्वतःकडचा हा दावा १९७० मध्ये मोडीत काढला, आपल्याकडे १९५५ च्या कायद्यात तो घातलेला तसाच आहे, आता तुरुंग नाही पण मालमत्ता जप्त होऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते परत वैध ठरवलं.

आता सांग, यातलं लॉ कुठलं आणि आर्ट्स कुठलं? बालविवाह, जात, बाईच्या हातात पैसा आहे का नाही, परक्या सरकारने घरात किती शिरायचं, हे सगळं तुझ्या त्या वैताग आणणाऱ्या पेपरांत आहे. अर्धं पान पाठ केलेला पोरगा कलम सांगेल, पण समोर नवऱ्याकडे जायचं नाही म्हणणारी पक्षकार बसली की तिच्यासाठी काय मांडायचं हे त्याला त्या अर्ध्या पानातून सुचणार नाही.

करायचं काय तर प्रत्येक सेमिस्टरला एक निकाल मुळापासून पूर्ण वाच, सारांश नको, आणि तो सोशिऑलॉजी नाहीतर इकोच्या प्रोजेक्टला घे. एकाच वाचनात दोन पेपर निघतात, हा माझा आळशी पोरांसाठीचा सल्ला आहे. आणि हजेरी सांभाळ बाबा, नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते. इंटर्नशिप पाच वर्षांत मिळून २० आठवडे करायचीय, ती सगळी एसीवाल्या फर्ममध्ये घालवू नकोस, एक महिना तरी गावाकडच्या कोर्टात सिनियरची फाईल धरून फिर, सातबारा आणि फेरफार वाचायला शीक. कॉलेजात ते कुणी नीट शिकवत नाही आणि दिवाणी दाव्यांत जिकडे बघावं तिकडे जमीनच असते.

प्रश्न : मॅडम, मी लातूरचा, शेवटच्या वर्षाला. मला जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टातला न्यायाधीश व्हायचंय. आता म्हणे तीन वर्षं प्रॅक्टिस लागते? मग आमचं काय?

उत्तर : हो, २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय, नव्या भरतीला किमान तीन वर्षं प्रॅक्टिस. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे वर्षं मोजायची ती प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून, बार कौन्सिलची परीक्षा पास झाल्यापासून नाही. तेव्हा निकाल लागला की सनदेच्या अर्जाला एक दिवस उशीर करू नकोस. नोंदणीची फी ओपनला ७५० आणि एससी-एसटींना १२५ रुपये, याहून जास्त घेता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्येच ठरवलंय, कुणी इतर कशाच्या नावाने हजारो मागितले तर पावती माग आणि नियम दाखवायला सांग.

सिनियर निवडताना दहा वर्षांच्या वर प्रॅक्टिस झालेला बघ, कारण पुढे प्रॅक्टिसचा दाखला वकिलाकडून घ्यायचा तर तसल्याच वकिलाचा चालतो आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांची सही-शिक्का लागतो. नुसतं नाव लावून घरी बसून क्लास करणारे खूप आहेत, तू तसं करू नकोस, वकीलपत्रावर स्वतःचं नाव येऊ दे, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, हजेरी लागू दे. दावा आणि कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दोन्ही स्वतःच्या हाताने मराठीत लिहून सिनियरकडून लाल पेनाने खोडून घे. पैशाचं विचारशील तर बार कौन्सिलने ज्युनियरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्या असं सुचवलंय, पण ते सुचवणंच आहे, सक्ती नाही. तालुक्याला काही ठिकाणी पेट्रोलपुरतेच मिळतात. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव.