अर्ज केल्यावर पाच मिनिटांत रिजेक्शनचा ईमेल येतो. एआय रिझ्युमे फेकून देतं का?

पाच मिनिटांत आला तर बहुतेक तुमच्याच उत्तराने घात केलाय. फॉर्मच्या शेवटी ते प्रश्न असतात ना, अनुभव किती, रिलोकेट व्हाल का, शिफ्ट चालेल का, तिथे ‘नो’वर टिक केलं की सिस्टीम आपोआप बाद करते. साधा फिल्टर आहे तो, एआय कशाला लागतंय.

मी गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या एचआरमध्ये होते, त्यामुळे ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ ऐकलं की डोकंच फिरतं. आमचे फोंड्याचे मामा चतुर्थीला सगळे जमले की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली बसून हेच सुरू करायचे, आमदाराकडे जा, कागद पाठवून कोणाला नोकरी लागलीय. आणि त्यांच्याच मुलाचा रिझ्युमे बघितला तर काय, बीएस्सी केमिस्ट्री, क्यूसीचा, म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासण्याचा चांगला अनुभव, पण दोन कॉलम, कोपऱ्यात फोटो, एचपीएलसीचा (औषधातले घटक तपासायचं मशीन) नुसता लोगोसारखा आयकॉन आणि त्यापुढे चार स्टार! अहो, सिस्टीम फक्त मजकूर उचलते. दोन कॉलमच्या ओळी एकमेकांत घुसतात, हेडरमधला फोन नंबर कधीकधी गायबच होतो. रिक्रूटर नोकरी डॉट कॉमवर ‘एचपीएलसी’, ‘डिसोल्युशन’, ‘जीएमपी’ असे कामाचे नेमके शब्द टाकून शोधतो आणि वर अलीकडे कोण अ‍ॅक्टिव्ह होतं तो फिल्टर लावतो. ‘डायनॅमिक टीम प्लेअर’ कोण शोधतंय?

मी बसून एका कॉलममध्ये साधी वर्ड फाइल करून दिली, जाहिरातीतले जे शब्द त्याला खरंच येत होते तेवढेच घातले. कुंडईच्या एका कंपनीतून फोन आला, टेक्निकल राऊंड त्याने स्वतःच्या जोरावर काढला. तिथे मी कोणालाच ओळखत नव्हते, तरी मामा गावभर सांगतात, भाचीने आतून सेटिंग केलं!

आता खरं सांगायचं तर ओळख चालतेच. आतल्या माणसाने रेफर केलं तर रिझ्युमे निदान उघडला जातो, पण इंटरव्ह्यू तुम्हालाच द्यायचाय. आणि एआय अगदीच नाही असंही नाही, अ‍ॅमेझॉनने बनवलेलं टूल बायकांचे रिझ्युमे खाली ढकलायचं म्हणून त्यांनी ते बंद केलं, 2018 मध्ये बातमी आली होती. तुमचं फील्ड लिहिलेलं नाही, आयटीवाल्यांना वेगळा अनुभव असेल.

हे सगळं प्रायव्हेटचं हां. गोव्यात सरकारी नोकरीला 15 वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणी आधी बघतात, तिथे कॉलम एक की दोन कोणी विचारत नाही.