पेनड्राइव्ह आपला, कुलूप सरांचं

प्रश्न : मुलगी नीटसाठी रिपीट करायली. लातूरला ठेवायचं तर खोली, मेस आणि ट्यूशनची फी मिळून झेपेना, म्हणून परगावच्या एका क्लासचा लेक्चरचा पेनड्राइव्ह 22,000 रुपयांना घेतला. तो एकाच लॅपटॉपवर चालतो आणि एक लेक्चर तीनदाच बघता येतं. लॅपटॉपची बॅटरी उतरलेली, त्यामुळं लाईट गेली की मधेच बंद पडतंय, आणि ते एकदा बघितलं असंच धरतंय. दिवाळीनंतर लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला. बदलून आणला, तर आता प्लेअर म्हणतंय, हे मशीन नोंदलेलं नाही. क्लासवाले म्हणायलेत, नवीन कोड पाहिजे तर निम्मे पैसे भरा. मुलीच्या मैत्रिणीच्या भावानं टेलिग्रामवरून कुलूप काढायचं सॉफ्टवेअर आणलंय. वापरू का?
— एक पालक, उदगीर

उत्तर : दादा, ते सॉफ्टवेअर राहू द्या, का ते पुढं सांगतो. आधी झालं काय ते समजून घ्या, क्लासवाल्याशी बोलताना तेच लागणार आहे.

पेनड्राइव्हमधले व्हिडिओ कुलूपबंद असतात, साध्या प्लेअरमध्ये उघडत नाहीत. पहिल्यांदा कोड टाकला त्या दिवशी त्यांच्या प्लेअरनं तुमच्या लॅपटॉपचे नंबर टिपून घेतले : बोर्डाचा, हार्डडिस्कचा, कधीकधी नेटवर्क कार्डाचाही. त्या सगळ्यांची मिळून एक ओळख तयार होते, ती क्लासच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि किल्ली फक्त तिलाच लागते. बोर्ड बदलला की प्लेअरच्या लेखी तो लॅपटॉप तिऱ्हाइताचा. पेनड्राइव्ह तुमच्या हातात आहे, पैसे तुम्ही मोजलेत, लॅपटॉपही तुमचाच. पण किल्ली सरांच्या खिशात.

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या माझ्या दुकानात असे लॅपटॉप दर उन्हाळ्यात येतात. एकदा मीच बोर्ड बदलून दिला आणि एका पोराची पंचवीस लेक्चरं अडकली. चूक माझी नव्हती, पण त्याच्या बापाला ते कसं पटावं? तेव्हापासून लॅपटॉप उघडायच्या आधी विचारतो, यात कुठल्या क्लासचे लेक्चर आहेत का? असतील तर आधी जळालेली आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, बदलून तोच बोर्ड उठतो का ते बघतो. दोन दिवस जास्त लागतात, पण नंबर तोच राहतो. तुमचा जुना बोर्ड मेकॅनिककडं पडून असेल तर आजच मागून आणा. भंगारात गेला असेल तर तो रस्ता बंद झाला.

आता क्लासवाल्याचं. फोनवर भांडू नका, ईमेल करा. खरेदीची पावती, दुरुस्तीचं बिल आणि स्क्रीनवर आलेल्या मेसेजचा फोटो जोडा. दोनच गोष्टी विचारा : मशीन बिघडल्यावर निम्मे पैसे भरावे लागतील हे विकताना कुठं सांगितलं होतं, आणि जुन्या मशीनची नोंद रद्द करून नवीची करायला अडचण काय? नोंद सर्व्हरवरच असते, बदलायला पाच मिनिटं लागत नाहीत. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. त्यानंही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. क्लास परगावचा असला तरी 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे लातूरलाच तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत 2 वर्षांची.

टेलिग्रामवालं सॉफ्टवेअर का नको? कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65अ हे कलम घातलं. हक्क मोडायच्या हेतूनं असं कुलूप फोडलं तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. तुमचा हेतू तसा नाही हे मला दिसतंय. पण एकदा कुलूप निघालेली फाईल त्या भावाच्या मोबाइलवरून किती जणांकडं जाईल, ते तुमच्या हातात राहत नाही. शिवाय अशी फुकटची सॉफ्टवेअरं काय काय घेऊन येतात ते मी रोज निस्तरतो. मागच्या महिन्यात एकाच्या शेताच्या कागदांपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळ्या फाईली कुणीतरी बंद करून ठेवल्या आणि पैसे मागितले. तो मुलगाही असंच काहीतरी 'अनलॉक' करायला गेला होता.

एक शंका तुम्ही विचारली नाही, पण तीही डोक्यात असू द्या. कोड मिळाला आणि उद्या क्लासच बंद पडला तर? मायक्रोसॉफ्टनं 2019 साली आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंसुद्धा उघडायची थांबली, कारण परवानगी देणारा सर्व्हरच बंद होणार होता. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले. ज्यांनी पुस्तकात खुणा न् टिपणं केली होती त्यांना वर 25 डॉलर दिले. एवढी मोठी कंपनी होती म्हणून ते जमलं. दोन खोल्यांच्या ऑफिसातून चालणाऱ्या क्लासनं गाशा गुंडाळला तर 22,000 कुणाकडं मागणार? म्हणून कोड परत चालू झाला की मुलीला म्हणावं, लेक्चर बघताना वही उघडी ठेव. आणि नवी बॅटरी आधी टाका. दीड-दोन हजार जातील, पण तीनातलं एक बघणं लाईटीपायी वाया जाणार नाही.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या कोर्सचा प्लेअर टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं येतंय. करावं का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, घरच्या ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम चालतं त्यावर तर मुळीच करू नका.

कुलूपवाल्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होतं, त्याचं उदाहरण मोठ्या कंपनीचंच आहे. 2005 साली सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीड्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या की कॉपी रोखणारं एक सॉफ्टवेअर विंडोजमध्ये खोलवर जाऊन बसायचं. ते स्वतःला लपवायचं. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारं कुठल्याही फाईलचं नाव असलं की ती फाईलच दिसेनाशी व्हायची. मार्क रसिनोविच या तंत्रज्ञानं ऑक्टोबरअखेर ते उघडकीला आणलं. पुढच्या काही दिवसांत व्हायरसवाल्यांनी आपल्या फाईलींना तीच अक्षरं लावली आणि आयत्या बिळात जाऊन बसले. कंपनीनं काढून टाकायचं साधन दिलं, तर त्यानं आणखी एक भोक पाडलं. शेवटी सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. ज्यांनी चोरीची गाणी उतरवली त्यांचं काहीच बिघडलं नाही. रोख पैसे देऊन सीडी आणली त्यांचीच मशीनं सडली.

तेव्हा क्लासला आधी विचारा, मोबाइलवर किंवा नुसत्या ब्राउझरमध्ये चालतं का? नसेल तर घरातलं एखादं जुनं मशीन फक्त अभ्यासाला वेगळं काढा.

प्रश्न : आमच्या डीटीपीच्या दुकानात मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याचं लॉक, म्हणजे ज्याशिवाय सॉफ्टवेअर चालतच नाही ती छोटी डबी, प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागतं. नवीन कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही. यूएसबीची वायर लावून चालंना.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : चालणार नाही. त्या वायरीला प्रिंटर कळतो, लॉक कळत नाही. नवीन मशीनच्या आत पॅरलल पोर्टचं, म्हणजे त्याच जुन्या प्रिंटरच्या पोर्टचं, कार्ड बसवलं तर कधीकधी जमतं. पण खरं काम वेगळंच आहे : जुनं मशीन चालू आहे तोवर लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, जे परत लागणार आहे ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या अक्षरांत, करून घ्या. जुन्या सॉफ्टवेअरमधलं काम त्या लॉकशिवाय उघडायचं नाही. कार्ड बसवून बघायचं असेल तर एखाद्या रविवारी जुना सीपीयू घेऊन या. लॉक पिशवीत टाकू नका, खिशात ठेवा. मागं एकाचं रेल्वेत राहिलं.