खंगलेल्या घोडीला चिनी वनौषधींची पावडर द्यावी का?

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांची काठेवाडी घोडी, वरातीला चालते. पावसाळा संपल्यापासून खंगत चालली आहे. चंदी अर्धी तोबऱ्यातच सोडते, लीद मऊ पडते, थोडं नाचवलं की दमते, तोंडातला रंग फिका आहे. ओळखीच्या एकाने ऑनलाइन मागवलेली चिनी वनौषधींची किलोभर पावडर दिली आहे आणि पाकिटावर फक्त 'ताकदीसाठी, रोज 100 ग्रॅम' एवढंच लिहिलंय. माळेगावच्या यात्रेआधी घोडीने अंग धरावं, म्हणून ती द्यावी का?

आज देऊ नका. आधी रक्त तपासून घ्या. पावडर वाईटच असेल असं नाही, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं सर्राची, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची, असू शकतात आणि सर्रा पावडरीने जात नाही.

चिनी पशुवैद्यक रोगाच्या नावावर औषध देत नाही, जनावराच्या अवस्थेवर देतं. जीभ फिकी, नाडी मऊ, लीद पातळ, दम कमी, पोटाखाली सूज, असं चित्र दिसलं की तिकडचा वैद्य 'छी (म्हणजे अंगातलं बळ) कमी पडली, रक्त कमी पडलं' असं म्हणतो आणि बळ देणारा काढा सुचवतो. सर्रा झालेली घोडीही हुबेहूब अशीच दिसते. रक्तातला ट्रिपॅनोसोमा हा परजीवी मोठ्या चावऱ्या गोमाश्यांमुळे एका जनावरातून दुसऱ्यात जातो. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे या माश्या भरपूर असतात. ताप येतो-जातो, रक्त उतरतं, पोटाखाली आणि पायांवर सूज येते आणि बोट दाबलं तर खळगा राहतो. पुढे मागचा भाग डोलायला लागतो. अशा घोडीला महिनाभर बळाची पावडर दिली तर ती दोन दिवस बरी वाटेल, आणि तो महिना परजीवीच्या पदरात पडेल.

म्हणून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. निरोगी घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतं. ताप चढलेला असतानाच रक्ताची काचपट्टी करून घ्या, कारण ताप नसताना परजीवी रक्तात सापडेलच असं नाही. एकदा काही दिसलं नाही म्हणून सोडू नका, पुन्हा करा. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ पडेल तिथे घोडी दाखवा. सर्रा निघाला तर क्विनापायरामिनचं इंजेक्शन डॉक्टर वजनावरून ठरवून देतील. त्याच फेरीत लीद जंतांसाठी तपासून घ्या आणि दाढा बघून घ्या. चघळलेल्या कडब्याचे ओले बोळे तोंडातून खाली पडत असतील तर दाढांना धार आली आहे असं समजा. दाढा घासून घेतल्याशिवाय कुठलीही पावडर अंगी लागणार नाही.

एक गोष्ट कडकपणे सांगतो. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकाच्या आत गाठी किंवा व्रण, अंगावर फुटणाऱ्या गाठी, यातलं काही असेल तर घोडी बाकीच्यांपासून लगेच वेगळी बांधा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. ते ग्लँडर्स, हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग, असू शकतं. ते माणसालाही होतं. त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. तिथे घरगुती उपचाराला जागा नाही, मग तो चिनी असो की आपला. आणि अशी घोडी यात्रेला नेणं म्हणजे शेकडो जनावरांना आणि त्यांच्या माणसांना धोक्यात घालणं.

आता समजा रक्त स्वच्छ आलं, जंत काढले, दाढा नीट केल्या आणि तरीही घोडी मंद, लीद मऊ, जीभ फिकी. इथे चिनी औषधाचा विचार करायला माझी हरकत नाही. सावकाश चाललेल्या अशक्तपणात आणि पचन बसलेल्या जनावरात ते वापरलं जातं. तिकडे ही विद्या घोड्यांवरच वाढली. चीनच्या मिंग राजवटीत यू बेनयुआन आणि यू बेनहेंग या भावांनी घोड्यांच्या उपचारावर लिहिलेला 'युआन हेंग ल्याओ मा ची' हा ग्रंथ 1608 सालचा. त्यातले काही पाठ, म्हणजे औषधांची ठरलेली मिश्रणं, तिकडचे पशुवैद्य आजही वापरतात.

तुमच्या घोडीसारख्या अवस्थेत दिला जाणारा नेहमीचा पाठ म्हणजे 'बू चोंग यी छी'. तो मुळात माणसांसाठीचा, तेराव्या शतकातला. जनावरांसाठी त्याचं एक रूढ प्रमाण असं: मधात परतलेलं हुआंग छी 75 ग्रॅम, दांगशेन 60, परतलेलं बाईचू 60, परतलेलं जेष्ठमध 30, दांगग्वी 30, संत्र्याच्या जातीची जुनी वाळलेली साल 20, शेंगमा 20, छायहू 20. एकूण 315 ग्रॅम. हुआंग छी हा ॲस्ट्रॅगॅलस नावाच्या झुडपाच्या मुळाचा भाग, दांगग्वी हे चिनी अँजेलिकाचं मूळ. दांगशेन, बाईचू, शेंगमा, छायहू याही चिनी मुळ्याच. जीभ लाल असेल, ताप असेल, तोंड गरम असेल तर हा पाठ द्यायचा नसतो, कारण तो उष्ण आणि वर उचलणारा मानला जातो.

जीभ बघायची तर दिवसाच्या उजेडात, चंदीच्या आधी बघा. ओढून बाहेर काढली की रंग बदलतो. तोंडाच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात तिथे अंगठा सरकवा, ओठ उचला आणि आतल्या आत दोन-तीन सेकंदांत रंग टिपा. निरोगी जीभ फिकट गुलाबी आणि ओलसर असते. नाडी चिनी वैद्य मानेच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना हात ठेवून बघतात आणि तिचा जोर, खोली जोखतात. ते शिकायला वर्षं लागतात. तुम्ही जबड्याखालच्या धमनीवर ठोके मोजा. शांत उभ्या घोडीचे मिनिटाला 28 ते 44 हवेत.

आता त्या 100 ग्रॅमचा गोंधळ. चिनी पशुवैद्यकाच्या पुस्तकांत घोड्याची एक मात्रा 250 ते 400 ग्रॅमपर्यंत लिहिलेली सापडते. पण ती साध्या कुटलेल्या भुकटीची, मोठ्या जनावराची आणि थोड्या दिवसांसाठीची. चीनबाहेर हा उपचार करणारे पशुवैद्य साधारण 15 ते 60 ग्रॅम, दिवसातून दोनदा, जास्त दिवस देतात. तिसरा प्रकार अर्क आटवून केलेल्या पावडरीचा. पाच किलोचा एक किलो केलेला असेल तर त्या 100 ग्रॅममध्ये 500 ग्रॅम कच्चा माल बसतो. तुमच्या पाकिटावर यातलं कुठलं आहे ते लिहिलेलंच नाही. घटकांची नावं नाहीत, प्रमाण नाही, उत्पादनाची तारीख नाही. हे पाकीट घोडीच्या तोंडात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चिनी औषध द्यायचंच असेल तर प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, कच्ची भुकटी की अर्क, आणि जड धातूंच्या तपासणीचा दाखला देणाऱ्याकडूनच घ्या.

आणखी एक खूण सांगतो. कुठलीही 'वनौषधी' दिल्यावर घोडी चोवीस तासांत टवटवीत झाली आणि पाणी व लघवी एकदम वाढली, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्या. अशा भेसळी माणसांच्या औषधांतही पकडल्या गेल्या आहेत. घोड्यात स्टेरॉइडने खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस उठण्याचा धोका असतो. बळ देणाऱ्या वनस्पती इतक्या झटपट काम करत नाहीत.

खात्रीचा माल मिळाला तर आधी वजन काढा. मऊ, लांब मोजटेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून, श्वास सोडल्यावर, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 160 आणि लांबी 155 असेल तर वजन 334 किलोच्या आसपास येतं. एवढ्या घोडीला कच्च्या भुकटीचे 15 ग्रॅम सकाळी, 15 संध्याकाळी, ही सुरुवात पुरे. पहिले तीन दिवस त्याच्याही निम्मं द्या. आठवड्याने लीद आणि भूक ठीक असेल तर 30 ग्रॅम दोनदा. हा आकडाही तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच पक्का करा.

चिनी पाठांच्या शेवटी एक ओळ जवळपास नेहमी असते: सगळं एकत्र कुटून, उकळतं पाणी ओतून, कोमट झाल्यावर पाजावं. यातलं उकळतं पाणी घ्या, पाजणं सोडा. आपल्याकडे बैलाला बांबूच्या नळीने औषध पाजतात तसं घोड्याचं डोकं वर करून पाजलं की ते श्वासनळीत उतरतं, आणि घोडा औषधाने नाही तर न्यूमोनियाने जातो. स्टीलच्या भांड्यात भुकटी घ्या, 100 मिली उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून पंधरा मिनिटं थांबा. भुकटी फुगते आणि वरचा कडू वास थोडा बसतो. कोमट झालं की पाव किलो गव्हाच्या कोंड्यात कालवा, मोठे दोन चमचे काकवी घाला, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा इतपतच ओलं ठेवा. आधी हे, मग बाकीची चंदी. कोरडी भुकटी वरून भुरभुरली तर घोडी फुंकरीने उडवते, नाहीतर ठसकते. खातच नसेल तर काकवीत चाटण करून मोठ्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं द्या, पण डोकं नैसर्गिक उंचीवरच राहू द्या. दुसरी औषधं चालू असतील तर मध्ये दोन तास सोडा. डबा घट्ट झाकणाचा हवा. बुरशीचा वास आला, गाठी झाल्या, की सगळं फेकून द्या.

दर रविवारी त्याच वेळी छातीचा घेर लिहून ठेवा. चार आठवड्यांत घेर वाढला नाही आणि लीद बांधली गेली नाही, तर औषध चुकलं किंवा निदान चुकलं. मात्रा वाढवून उपयोग नाही. मधेच भूक गेली, लीद पाण्यासारखी झाली, अंगावर गांध्या उठल्या, पाय किंवा पोट सुजलं, तर त्याच दिवशी बंद. जेष्ठमध लांबवर दिलं की शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम घटतं. वरच्या प्रमाणात रोज 60 ग्रॅम पाठ गेला तर त्यात जेष्ठमध साधारण पावणेसहा ग्रॅम जातं. महिनाभराला ठीक, पण सोबत फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा स्टेरॉइड चालू असेल तर नको.

मूळ वनस्पती मिळत नाही म्हणून नावावरून आपल्या बाजारातली आणू नका. दालचिनी, रेवंदचिनी, चोपचिनी, या नावांतच चीन आहे, पण दुकानात मिळणारी रेवंदचिनी बहुधा हिमालयातली, चीनच्या 'दाहुआंग'हून वेगळ्या जातीची. अदलाबदल किती महागात पडते ते 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये दिसलं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजी नावाच्या चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया या विषारी वनस्पतीची मुळी गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. जुन्या चिनी पाठांत बचनाग, कुचला, हिंगूळ, मनशीळ हेही आहेत. हिंगूळ म्हणजे पारा, मनशीळ म्हणजे सोमल. यातलं काहीही असलेला पाठ घरी करायचा नाही. मा-हुआंग, म्हणजे एफेड्रा, छातीचे ठोके वाढवतं. शर्यतीच्या घोड्याला ते आणि वेदनेसाठीचं कोरिडॅलिस दिलं तर उत्तेजक चाचणीत सापडतं.

घोडी गाभण असेल तर हा सगळा बेत रद्द. दांगग्वी आणि करडईच्या पाकळ्या रक्त हलवणाऱ्या मानल्या जातात, गाभण जनावराला देत नाहीत. हो, आपल्या शिवारातलीच करडई. तिच्या पाकळ्यांना चिनी वैद्य 'होंगहुआ' म्हणतात आणि फार मानतात. त्या 1608च्या ग्रंथातला 'होंगहुआ सान' हा पाठ चंदी जास्त झाल्याने पाय धरलेल्या घोड्यासाठी आहे. त्या दुखण्याचं नावच 'पाच गोळा झालेलं दुखणं': चार पाय आणि डोकं एकत्र ओढून घोडा उभा राहतो. हरभऱ्याचं पोतं फोडून पोटभर खाल्लेला घोडा ज्यांनी बघितलाय त्यांना ते चित्र लगेच पटेल. तरीही तिथे पहिलं काम बर्फाच्या पाण्यात खूर बुडवून ठेवणं, दाणा पूर्ण बंद करणं आणि डॉक्टरांना बोलावणं. पाकळ्या नंतर.

पोटशुळातही तेच. गार पाण्याने उठलेल्या शुळासाठी चिनी ग्रंथात संत्र्याची साल, दालचिनी, बडीशेप, सुपारी असलेला पाठ आहे, आणि बद्धकोष्ठासाठी दाहुआंगचा जोरदार रेच आहे. पण घोड्याला उलटी होत नाही. आतड्याला पीळ पडला असेल आणि वरून रेच दिला तर आतडं फुटतं. बाहेरून बघून पीळ आहे की नाही हे सांगता येत नाही. घोडी लोळते, पोटाकडे बघते, लीद बंद आहे, तर तोंडाने काहीही देऊ नका, चारा काढून घ्या आणि फोन लावा.

तर आता तीन दिवसांचं तापमान, काचपट्टीचा आणि लिदीचा रिपोर्ट, छातीचा घेर, आणि उजेडात काढलेला जिभेचा फोटो एवढं पाठवा. घोडी गाभण आहे का तेही कळवा. ते पाकीट तोवर चंदीच्या कोठीपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसताना कोणी चांगल्या मनाने मूठभर टाकून देणार नाही.