वाचकांचे प्रश्न : नाताळचं तिकीट आणि लाल पाकीट

प्रश्न : जुन्या ट्रंकेत अमेरिकेहून आलेल्या नाताळच्या कार्डांची पाकिटं सापडली. पाच सेंटांच्या दोन तिकिटांवर मरियम आणि बाळ येशूचं एकच चित्र आहे. एक तिकीट लहान, एक मोठं. यातलं खोटं कुठलं? पाण्यात भिजवून काढू का?
– एक वाचक, न्यू शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : खोटं एकही नाही. चित्र हान्स मेमलिंग या ब्रुजच्या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचं; मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लहान तिकीट १९६६ चं, मिशिगन राज्यातल्या ‘ख्रिसमस’ नावाच्या गावी प्रकाशित झालेलं. पुढच्या वर्षी तेच चित्र मोठ्या आकारात आलं, तेही जॉर्जियातल्या ‘बेथलेहेम’मध्ये. टपालखात्यालाही हौस असते! दोन्ही शंभर कोटींहून जास्त छापली गेली, त्यामुळे सुट्ट्या वापरलेल्या तिकिटाला चहाचेही पैसे सुटत नाहीत.

म्हणूनच भिजवायची घाई नको. पाच सेंट हा तेव्हाचा अमेरिकेतल्या अमेरिकेत पत्र पाठवायचा दर. कोल्हापूरला आलेल्या पाकिटावर शेजारी आणखी तिकिटं असणार, मागे कदाचित इथला पोचशिक्काही. दर, मार्ग आणि तारीख एकत्र दाखवणारं अख्खं पाकीट सुट्ट्या तिकिटापेक्षा केव्हाही मोलाचं. तसंच ठेवा.

पाकीट फाटकं असेल आणि तिकीट काढायचंच असेल, तर तिकिटाभोवती एक सेंटिमीटर कागद सोडून कापा. पसरट ताटलीत गार पाणी घ्या, तुकडा चित्राची बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. डिंक सुटला की तिकीट आपोआप सरकतं. सरकलं नाही तर आणखी थांबा. नखाने ओढलंत की पाठीचा पापुद्रा निघालाच. उरलेला बुळबुळीत डिंक स्वच्छ पाण्यात बोटाने हलकेच धुवा, नाहीतर तिकीट टीपकागदालाच चिकटेल. चित्र खाली करून टीपकागदावर सुकवा, मग रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा.

नाताळच्या डाकेत खरा घात होतो तो लाल आणि हिरव्या पाकिटांमुळे. त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि मरियमच्या चेहऱ्यावर गुलाबी छटा बसते, ती जात नाही. असे तुकडे पांढऱ्यांबरोबर कधीच भिजवू नका. एकेक, अगदी गार पाण्यात, रंग दिसताच पाणी बदलत. आमचं मत विचाराल तर रंगीत पाकिटावरचं तिकीट न भिजवता कागदासकट कापूनच ठेवावं.

आणखी एक गंमत : १९६६ च्या तिकिटाचे साधा आणि चमकणारा असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्यावर यंत्राला ओळखता यावा असा लेप आहे, तो लघुलहरी अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळा उजळतो. दुकानातला नोटा तपासायचा दिवा दीर्घलहरी असतो, त्याखाली काही दिसलं नाही म्हणून ‘साधं’ ठरवू नका. लघुलहरी दिव्याकडे थेट बघू नका, डोळ्यांना इजा होते.

प्रश्न : अमेरिकेच्या नाताळच्या एका तिकिटावर गिर्लांदायो या जुन्या इटालियन चित्रकाराचं चित्र आहे, पण किंमतच नाही. छपाईतली चूक आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चूक नाही, त्यामुळे लॉटरीही नाही. १९७५ च्या नाताळाआधी अमेरिकेत दर वाढणार हे ठरलं होतं, पण केव्हा आणि किती ते ठरलं नव्हतं. म्हणून आकडा न छापताच तिकिटं काढली. विकली दहा सेंटांना. तेरा सेंटांचा दर लागू झाला तो ३१ डिसेंबरला, म्हणजे नाताळ उरकल्यावर.

इटालियन चित्रकार राफाएलच्या चित्राच्या २०११ च्या तिकिटावरही आकडा नाही, पण ते ‘फॉरेव्हर’ तिकीट : दर कितीही वाढला तरी देशांतर्गत पत्राला चालतं. ते स्टिकरसारखं आहे. अलीकडच्या अशा अमेरिकन तिकिटांचा गोंद पाण्याला दाद देत नाही. भिजवत बसलात तर कागदाचा लगदा होईल. कागदासकट कापा.

प्रश्न : पावसाळ्यात तिकिटांवर तपकिरी ठिपके पडतात. लॅमिनेशन करावं का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : अजिबात नको. लॅमिनेशन केलेलं तिकीट संग्रहातून बाद. ठिपके बुरशीचे आहेत. अल्बम भिंतीला टेकवू नका, उभा ठेवा म्हणजे पानं एकमेकांवर दाबली जाणार नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा. ठिपके पडलेलं तिकीट आधी वेगळ्या पाकिटात काढा, बुरशी शेजारच्यालाही लागते.