वाचकांचे प्रश्न : पाळक महिन्यातून एकदाच, मग आपण मेथॉडिस्ट कसले?

प्रश्न : आमची मंडळी, म्हणजे चर्च, मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाची, खेड्यातली, भक्तीला जेमतेम तीस माणसं. पाळकसाहेबांकडे चार चर्च आहेत त्यामुळे आमच्याकडे महिन्यातून एकदाच येतात आणि तीन-चार वर्षं झाली की त्यांचीही बदली. बाकीचे रविवार आमच्यातलंच कोणीतरी वचन वाचतं, बोलतं, गाणी होतात. शहरातले नातेवाईक म्हणतात, याला काय चर्च म्हणायचं! खरंच आमच्यात मेथॉडिस्ट असं काही उरलंय का?

उत्तर : ताई, नातेवाइकांना सांगा की मेथॉडिस्ट मंडळ्या सुरूच अशा झाल्या. पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली १७३९ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळ कोळसा खाणीतल्या मजुरांना उघड्यावर उपदेश करायला लागला, तिथून पुढं सगळं घोड्यावरच चाललं, एका प्रचारकाकडे गावांचा एक सर्किट, म्हणजे ठरलेला फेरा, आणि तो फिरून परत यायला कित्येक आठवडे. एकाच ठिकाणी राहायचं नाही हा तर वेस्लीचा हट्टच होता, एका पत्रात त्यानं लिहिलंय की वर्षभर एकाच जागी उपदेश केला तर मी स्वतःही झोपेन आणि मंडळीलाही झोपवेन. तुमच्या पाळकांच्या बदल्यांचं मूळ हे असं आहे (सामान हलवताना त्यांच्या घरच्यांना याचं किती कौतुक वाटत असेल देव जाणे).

मग मधल्या काळात मंडळी कोण सांभाळायचं? तुमच्यासारखीच माणसं. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, तेव्हा ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बाराएक जणांमागे एकानं घरोघरी जाऊन ती गोळा करायची. आता पैसे मागायला दारात गेलं की घरातलं सगळं दिसतंच, कोण आजारी, कोण परत दारूला लागलाय, कुठं नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. त्यातूनच क्लास मीटिंग, म्हणजे त्या बाराएक जणांनी जमून एकमेकांची विचारपूस करायची बैठक, उभी राहिली आणि पैसे गोळा करणारा झाला क्लास लीडर, बायकाही होत्या त्यात. दर तीन महिन्यांनी सभासदाला त्याचं नाव आणि बायबलमधलं वचन असलेलं छोटं तिकीट मिळायचं, ते असेल तरच प्रीतिभोजनाला आत सोडायचे. तिथं साधी भाकर नाहीतर केक आणि दोन कानांच्या मगातून हातोहात फिरणारं पाणी, आणि ज्याला वाटेल त्यानं उठून साक्ष द्यायची. दीक्षित, म्हणजे रीतसर दीक्षा मिळालेला, पाळक नसला तरी अडत नव्हतं.

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं, मात्र अडायचं. अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांकडे १७८४ पर्यंत ते द्यायला स्वतःचे दीक्षित पाळकच नव्हते. म्हणून तुमचा तो महिन्यातला एक रविवार प्रभुभोजनासाठी राखून ठेवा. काही मेथॉडिस्ट मंडळ्यांत परवाना दिलेल्या स्थानिक पाळकालाही ते देता येतं, तुमच्याकडचा नियम सुपरिंटेंडंटना, म्हणजे पाळकांवर देखरेख करणाऱ्यांना, विचारून घ्या.

पण नातेवाइकांचं सगळंच चूक नाही हां. रविवारी तीस जण जमले, गाणी झाली, पांगले आणि पुढच्या रविवारपर्यंत कोणी कोणाच्या दारात गेलं नाही, तर पाळक दर आठवड्याला येऊनही तुम्ही नावापुरतेच मेथॉडिस्ट. तीस माणसं म्हणजे अडीच-तीन क्लास झाले की! दोन-तीन जणांनी घरं वाटून घ्या आणि दर आठवड्याला विचारा, बरं चाललंय का, प्रार्थना होते का, कशात अडकलायस. पैशाची वही नेऊ नका म्हणजे झालं.

प्रश्न : सून दुसऱ्या मंडळीतली आहे, लहानपणीच बाप्तिस्मा झालाय. तिला परत घ्यावा लागेल का?

उत्तर : नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा आपण मानतो, मग पाणी शिंपडून असो की बुडवून, लहानपणीचा असो की मोठेपणीचा. तिच्या मंडळीचं पत्र आणा, सभासदत्वाच्या प्रतिज्ञा मंडळीपुढं घेईल आणि झालं.