कुंपणापलीकडे गेलेला दुधी

मावशी,

आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोमध्ये राहतो. घर घेऊन तीन वर्षं झाली. एप्रिलपासून सासू-सासरे सांगलीहून आलेत. अण्णा निवृत्त शिक्षक, रिकामं बसणं त्यांना जमत नाही. त्यांनी बॅकयार्डमध्ये कुंपणाच्या कडेनं दुधी आणि दोडका लावला. दुधी असा फोफावला की कुंपण ओलांडून पलीकडे गेला.

या उन्हाळ्यात एचओएची, म्हणजे इथल्या घरमालकांच्या संघटनेची, चार पत्रं आली. समोरचं गवत वाढलंय. कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसतात. दारावरचं तोरण म्हणजे मंजुरी नसलेली सजावट. आणि मागच्या आठवड्यात सर्टिफाइड मेलनं चौथं: कुंपणावरचा वेल काढा, नाहीतर दंड.

शेजारी साठी उलटलेले एक गोरे गृहस्थ एकटे राहतात. सदानकदा लॉनमध्ये. हे सगळं त्यांचंच काम आहे, आणि आपण ब्राउन आहोत म्हणूनच आहे, याबद्दल मला शंका नाही. (जूनमध्ये एकदा दारात आले होते, पण मी मीटिंगमध्ये होते म्हणून डोअरबेलच्या कॅमेऱ्यावरूनच 'नंतर या' म्हटलं.) त्यांचा बोटीचा ट्रेलर आठवडा-आठवडा ड्राइव्ह-वेमध्ये उभा असतो. मी फोटो काढून ठेवलेत. पाठवू का एचओएला? नवरा म्हणतो, दंड भरून मोकळे होऊ. अण्णा मात्र पत्र आल्यापासून बॅकयार्डमध्ये पाऊल टाकत नाहीत. 'माझ्यामुळे तुम्हाला ताप' एवढंच म्हणतात. रागानं मला झोप लागत नाही. काय करू?

— कुंपणाअलीकडची

प्रिय कुंपणाअलीकडची,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. त्याच्याकडे येतेच. आधी ती चार पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांड. रागाच्या भरात तू त्यांचा एकच गठ्ठा केलायस, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की एचओए म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीची अमेरिकन बहीण. सोसायटी मेंटेनन्स थकल्यावर जागी होते, ही गवत वाढल्यावर. बहुतेक ठिकाणी रोजचा कारभार एखाद्या मॅनेजमेंट कंपनीकडे दिलेला असतो. त्या कंपनीचा माणूस ठरावीक दिवसांनी गाडीतून सावकाश फेरी मारतो, खिडकीतून फोटो काढतो आणि त्यावरून पत्रं सुटतात. गवत, डबे, तोरण हे सगळं रस्त्यावरून दिसतं. त्यासाठी शेजाऱ्यानं चहाडी करायची गरजच नाही. गाडीतल्या माणसाला तुझं नावही ठाऊक नसणार, फक्त घर क्रमांक.

चौथ्याचं तसं नाही. आपल्या भागातल्या काही वसाहतींत घरांमागून गल्ली जाते. तशी तुमच्या मागे नसेल तर बॅकयार्डचं कुंपण रस्त्यावरून दिसायचं कारण नाही. म्हणजे ही तक्रार कुणीतरी केली, आणि ते कुणीतरी बहुधा तेच. इथवर तुझा अंदाज बरोबर आहे.

आता कंस. जूनमध्ये तो माणूस तुझ्या दारात आला होता. तीन वर्षांत जो कधी आला नाही तो जूनमध्ये आला. त्या सुमाराला दुधी कुठवर गेला होता, आठवून बघ. एकट्या राहणाऱ्या, न बोलणाऱ्या माणसाला परक्या घराची बेल वाजवणं जड जातं. भिंतीवरच्या यंत्रातून 'नंतर या' ऐकल्यावर तो परत गेला. 'नंतर' म्हणजे कधी, ते त्याला कळलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. मग त्यानं तोंडी बोलायचं सोडून कागद धरला. त्याचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, चिठ्ठी लिहून दारात अडकवता आली असती. पण पहिली खेळी त्याची नव्हती. मीटिंग संपल्यावर त्याच संध्याकाळी तू दोन मिनिटं जाऊन आली असतीस, तर चौथं पत्र बहुतेक आलंच नसतं.

रंगाबद्दल. तुझा संशय मी हसण्यावारी नेणार नाही, कारण या गवताच्या नियमांचा इतिहास काही फार सोज्वळ नाही. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन वसवायला घेतलं. अमेरिकन उपनगराचा तो नमुनाच ठरला. तिथं गवत आठवड्याला कापायचं आणि कुंपण घालायचं नाही असे दंडक होते, आणि गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही हीही करारातली अट होती, घरकामाचे नोकर वगळून. असली वर्णाची अट कोर्टामार्फत लादता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये ठरवलं. घर विकताना वा भाड्यानं देताना वर्ण पाहण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला १९६८ उजाडलं. तेव्हा नीटनेटकेपणाच्या आडून माणसं चाळली गेली आहेत, यात वाद नाही. उद्या तोच वेल दुसऱ्या कुणाच्या कुंपणावर चालतो आणि तुझ्याच चालत नाही असं दिसलं, तर मला पुन्हा लिही, तेव्हा वेगळी भाषा बोलू. आज तुझ्या हातात पुरावा आहे तो एवढाच, की एका माणसाच्या अंगणात तुमचे दुधी लोंबताहेत.

त्याच्या बाजूनं ते कसं दिसत असेल, हे तू एकदा तरी पाहिलंस का? आपल्याला दिसतो तो मांडव आणि संध्याकाळी उमलणारी पांढरी फुलं. पलीकडे दिसतात कुंपणाच्या सीडर लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांच्यावर रेललेला ओला हिरवा भार, फटींत घुसलेले ताणे, आणि देठापासून निसटून खाली आपटलेला, सडायला लागलेला एखादा दुधी. वेलाखाली फळ्या वाळत नाहीत आणि ओल धरली की खालून कुजतात. जो माणूस एजर घेऊन गवताची कड सरळ रेषेत ठेवतो, त्याला हे रोज सकाळी खिडकीतून बघावं लागत होतं.

तेव्हा शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत जा. बेल वाजवून दोन पावलं मागं उभी राहा. भाषण नको. 'तुम्ही जूनमध्ये आला होतात, मी तेव्हा आले नाही, माझं चुकलं. आमचा वेल तुमच्या बाजूला आलाय, आज काढायचा आहे. तुमच्या अंगणात येऊन काढू की तुम्ही म्हणाल तसं करू?' बस्स. एचओएच्या पत्राचा उच्चारही करू नकोस. तक्रार त्यांनी केली का, हे विचारलंस तर ते एक तर खोटं बोलतील नाहीतर ओशाळतील, आणि दोन्हींतून तुला काहीच मिळणार नाही. फळी खराब झाली असेल तर बदलून देते म्हण. टेक्सासमध्ये शेजाऱ्यांनी सामाईक कुंपणाचा खर्च वाटून घेतलाच पाहिजे असा कायदा नाही, त्यामुळे आपणहून म्हटल्याला किंमत आहे, आणि एक सुटी सीडरची फळी काही डॉलरांत येते.

सासूबाई काहीतरी करून देतीलच, नारळाच्या वड्या वगैरे, खुशाल ने. फक्त पहिल्या भेटीला दुधी नेऊ नकोस. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

आणि अण्णांना बरोबर घेऊन जा. माफी मागायला नाही, माफी तुझी तू माग. वेल कुठून कापायचा हे त्यांना कळतं, म्हणून. अख्खा वेल उपटायची गरज नाही. कुंपणावर चढलेल्या फांद्या छाटायच्या, शेंडे खुडायचे, उरलेला वेल कुंपणापासून तीन-चार फूट आत सुट्या मांडवावर वळवायचा. शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात आणि दुधी धरतो तो जास्त करून त्यांच्यावर, हे अण्णांना मी सांगायला नको. इथं पहिलं दंव साधारण नोव्हेंबरच्या मध्याला पडतं, तोवर हाच वेल तुम्हाला पुरून उरेल.

बोलायला विषय नसेल तर जमिनीचा काढ. उत्तर टेक्सासच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी माती. घराचा पाया हलू नये म्हणून लोक उन्हाळ्यात पायाच्या कडेनं झिरपणारा पाइप टाकून चक्क घराला पाणी घालतात. इथल्या कुठल्याही घरमालकाला फाउंडेशनबद्दल विचार आणि खुर्ची ओढून बस. अण्णांनी कृष्णाकाठची काळी रानं जन्मभर पाहिलीत. घराला पाणी घालतात हे ऐकून त्यांची चांगली करमणूक होईल. इंग्रजी मोडकं असलं तरी भेगेकडे बोट दाखवता येतं. दोघांची गट्टी जमेलच असं नाही, आणि नाही जमली तरी बिघडत नाही. आपण कुणाच्या तरी घराला दुखवून बसलोय या भावनेतून अण्णा बाहेर यायला हवेत, आणि ते घरात बसून होणार नाही. तू घरातून एचओएला शिव्या घालतेस तेव्हा त्यांच्या कानावर काय पडतं, याचाही विचार कर. तू तणतणतेस परक्यांवर, लागतं त्यांना.

आता उरलेली पत्रं. गवत आणि डबे यांत तुमची चूक आहे, मुकाट्यानं सुधारा. टेक्सासच्या कायद्यात एक मेख आहे: सुधारण्याची संधी देऊन झाल्यावर सहा महिन्यांत तशाच प्रकारची चूक पुन्हा झाली, तर दुसऱ्यांदा ती संधी द्यायचं बंधन एचओएवर नाही, थेट दंड होऊ शकतो. स्प्रिंकलरची वेळही बघून घे. इथल्या अनेक शहरांत उन्हाळ्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६ पाणी मारायला बंदी असते, आणि ती बंदी महापालिकेची, एचओएशी त्याचा संबंध नाही.

तोरणाच्या बाबतीत मात्र एक पाऊल मागं घेऊ नकोस. श्रद्धेपोटी दाराला लावलेल्या धार्मिक वस्तूंना एचओएनं हात लावू नये, असा कायदा टेक्सासनं २०११ मध्ये केला. तेव्हा फक्त दार-चौकट आणि २५ चौरस इंच एवढीच मुभा होती, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी. २०२१ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा उठली आणि संरक्षण साऱ्या आवारापर्यंत गेलं. ते तोरण आमच्या धर्माचा भाग आहे, अशी दोन ओळींची ईमेल कर, राज्याच्या प्रॉपर्टी कोडमधलं २०२.०१८ हे कलम लिही आणि विषय संपव. चिडून लिहू नकोस. कलमाचा आकडा पुरेसा बोलतो.

वेलाच्या पत्राला लेखी उत्तर दे: अमुक तारखेला काढला, सोबत फोटो. पत्र पोस्टात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत एचओएच्या बोर्डापुढे सुनावणी मागायचा हक्क आहे, त्यामुळे पाकिटावरची तारीख बघून ठेव. सुनावणी झालीच तर ते जे फोटो आणि कागद पुढे करणार, ते किमान १० दिवस आधी तुला द्यावे लागतात. पण वेल उतरल्यावर तिथवर जायची वेळ येऊ नये.

ट्रेलरचे फोटो आज पुसून टाक. उद्या नाही, आज. ते पाठवलेस की तुझ्या गल्लीत दोन घरं एकमेकांवर कॅमेरे रोखून बसतील, आणि त्यांच्या हाताशी तुझ्यापेक्षा रिकामा वेळ जास्त आहे.

राहता राहिला तुझा नवरा. दंड भरून मोकळं होता येत नाही म्हणावं. वेल जागेवर राहिला तर दंड पुन्हा लागतो, भरल्यानं चूक मिटत नाही. नुसत्या दंडापायी टेक्सासात एचओएला घर विकायला काढता येत नाही, वार्षिक वर्गणी थकवली तर मात्र येतं, तेव्हा रागारागानं ती अडवून धरू नका. एवढाच बाणेदार असेल तर बोर्डाच्या वार्षिक सभेला जाऊन बसू दे त्याला. बहुतेक ठिकाणी तिथं कोरमसुद्धा भरत नाही, आणि जे येतात तेच नियम करतात. एप्रिलपासून बागकाम अण्णांनी अंगावर घेतलंय म्हणून हा सुटलाय. सहा महिने भरले की ऑक्टोबरात ते सांगलीला परततील. त्यानंतर दर शनिवारी मोअर कोण ओढणार, मंगळवारी की बुधवारी जेव्हा तुमचा कचरा उचलला जातो त्या रात्री डबे आत कोण आणणार, हे त्याला या आठवड्यातच विचारून घे.

— मावशी